बेटावरचा वृक्षनेचा ओळखायचा कसा? कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात माझ्याकडं दाजीपूर, आंबा आणि गगनबावड्याच्या नेच्यांचे फोटो येतात, आणि मे महिन्यात नि दिवाळीत परदेशातल्या ट्री फर्नचे. कुणाची मुलगी ऑकलंडला असते, कुणाचा भाऊ मॉरिशसला कामाला असतो, कुणाचे मामा निकोबारला पोस्टिंगवर असतात. व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "मॅडम, हा कुठला?" झाड पूर्ण दिसतं, उघडलेल्या छत्रीसारखं. मागं धुकं असतं, पुढं हसणारी माणसं असतात. ज्यावरून ते ओळखायचं, ती जागा मात्र फोटोत नसते. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. आधी एवढंच लक्षात ठेवा: देठाचा बुडखा बघायचा आणि पानाची पाठ बघायची. बाकी सगळं त्यानंतर.

वृक्षनेचा म्हणजे नेमकं काय? तो झाडच आहे का?

तो नेचाच आहे, फक्त त्याला उभं खोड आहे. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यांतून धुळीसारखी बीजुकं उडतात आणि पुढची पिढी त्यांतून येते. आपल्याकडच्या बहुतेक नेच्यांचं खोड जमिनीत आडवं पसरतं. वृक्षनेच्याचं खोड सरळ वर जातं, काही जातींत २० मीटरपर्यंत.

त्याला साल नसते आणि आंबा-फणसासारखं ते वर्षागणिक जाडही होत नाही. आतलं खरं खोड बारीकच असतं. त्याच्याभोवती काळ्या-तपकिरी मुळ्यांचं वेष्टण तयार होतं, म्हणून बुंध्याशी ते रुंद वाटतं. वाढ होते ती फक्त शेंड्यावर. नवं पान जिलबीसारखं वेटोळं घेऊन वर येतं आणि हळूहळू उलगडतं.

नर्सरीत "ट्री फर्न" म्हणून जे दिलं, ते खरंच ट्री फर्न आहे का?

बऱ्याचदा ते सायकस असतं. सायकसचं पान एकदाच विभागलेलं असतं, म्हणजे मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारख्या पात्यांची एकच रांग. हाताला ते कडक, चामड्यासारखं लागतं आणि टोक बोचतं. वृक्षनेच्याचं पान दोनदा-तीनदा विभागलेलं, जाळीदार आणि मऊ असतं. घोटाळा होतो तो सायकसची नवी पाती सुरुवातीला नेच्यासारखी आत वळलेली असतात म्हणून. पण तिथं वळलेली असते ती एकेक पाती. नेच्यात अख्खं पानच वेटोळं घेतं. नेहमीचा सायकस मूळचा दक्षिण जपानच्या बेटांवरचा, त्यामुळं "बेटावरचं झाड आहे" एवढ्यावरूनही काही ठरत नाही.

भेरली माडाच्या कोवळ्या रोपाचे फोटोही मला वृक्षनेचा म्हणून आले आहेत. त्याची पाती माशाच्या शेपटीसारखी तुटक असतात. ती एकदा नीट पाहिली की पुन्हा गोंधळ होत नाही.

पहिली कसोटी कोणती?

केस की खवले.

शेंड्याजवळ जा आणि नव्या वेटोळ्याच्या अंगावर किंवा देठाच्या बुडख्यावर काय आहे ते बघा. तिथं नेहमी काहीतरी दाट आवरण असतं. ते दोन प्रकारचं असू शकतं. केस म्हणजे पेशींची एकच ओळ, धाग्यासारखी. उसाच्या पानाच्या बुडख्यावरची कूस आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तिच्यासारखंच, पण बऱ्याच जातींत लांब आणि मऊ. खवला सपाट असतो. त्याला रुंदी असते, कड असते आणि तो एका टोकाला चिकटलेला असतो. वाळलेल्या कांद्याच्या पापुद्र्याची चिंधी डोळ्यांसमोर आणा. लांबून दोन्ही सारखेच लोकरीसारखे दिसतात, म्हणून दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग जवळ ठेवा. भिंग नसेल तर एक-दोन तुकडे काढून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उजेडात फोटो काढा. सपाट आहे की गोल, लगेच कळतं. हे करताना चेहरा लांब ठेवा आणि हात डोळ्यांना लावू नका, काही जातींचं आवरण त्वचेला खाजरं असतं.

खवले असतील तर झाड सायथिएसी कुळातलं. वृक्षनेच्यांचं हे सगळ्यांत मोठं कुळ, त्यात सुमारे ६४० जाती आहेत. सायथिया, अल्सोफिला, स्फेरोप्टेरिस या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, याच कुळातल्या. नुसते केस असतील तर झाड डिक्सोनिया किंवा सिबोशियम यांच्याकडचं. हे एवढं कळलं की निम्मं काम झालं, कारण बऱ्याच बेटांवर उरलेले पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

आणि पानाच्या पाठीवर काय बघायचं?

बीजुकांचे पुंज कुठं आहेत ते. वयात आलेलं पान उलटं करा. पुंज खसखशीच्या ठिपक्यांसारखे गोल असतील आणि पानाच्या कडेपासून आत, शिरांवर बसलेले असतील तर सायथिएसी. अगदी कडेला, दोन ओठांच्या इवल्याशा शिंपल्यात बसलेले असतील तर डिक्सोनिया किंवा सिबोशियम. या दोघांत फरक असा, की डिक्सोनियात बाहेरचा ओठ म्हणजे पानाचीच दुमडलेली हिरवी कड असते. सिबोशियमचे दोन्ही ओठ पानापेक्षा वेगळे, टणक आणि तपकिरी असतात. सिबोशियम हे नावच ग्रीक भाषेतल्या छोट्या पेटीवरून आलं आहे, आणि सायथिया हे पेल्यावरून, कारण त्यातल्या काही जातींत पुंजाखाली पेल्यासारखं आवरण असतं.

केस-खवल्यांचा निकाल आणि पुंजांचा निकाल एकमेकांशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर पुन्हा बघा, घाईनं नाव देऊ नका.

हवाईतला हापुउ कसा ओळखायचा? दिसायला सगळे सारखेच वाटतात.

या प्रश्नाचं उत्तर मी जरा लांब देणार आहे, कारण इथं मी स्वतः चुकले होते.

माझी भाची हिलोला राहते. तिच्या घरामागं एक वृक्षनेचा आपोआप उगवला होता. तिनं लांबून काढलेला फोटो पाठवला आणि विचारलं, "मावशी, हा इथलाच ना? ठेवू ना?" मी छत्रीसारखा आकार बघितला, पाऊस आणि जंगल बघितलं आणि हापुउ, म्हणजे तिथला मूळचा वृक्षनेचा, म्हणून सांगून टाकलं. दोन वर्षांनी तिनं सहज शेंड्याचा जवळून फोटो पाठवला, तेव्हा देठभर लांब पांढुरके खवले दिसले. तो हवाईचा नव्हताच. ऑस्ट्रेलियातला स्फेरोप्टेरिस कूपरी होता. तोवर त्यानं किती बीजुकं वाऱ्यावर सोडली असतील, हे मोजायला काही साधन नाही. तेव्हापासून बुडख्याचा फोटो आल्याशिवाय मी कुणालाही नाव सांगत नाही.

हवाईचे मूळचे मोठे वृक्षनेचे सिबोशियम प्रजातीतले, चार जातींचे, आणि चारही जगात फक्त त्याच बेटांवर आहेत. त्यांच्या अंगावर खवला नसतोच, फक्त केस. त्यामुळं हवाईत "खवले की केस" एवढ्यावरच मूळचं आणि बाहेरचं वेगळं करता येतं, इतकी सोय क्वचितच कुठल्या बेटावर असते. कूपरीच्या देठावर पांढुरक्या, कागदासारख्या पातळ खवल्यांची दाटी असते. जुनी पानं गळून पडताना खोडावर लंबगोल वण सोडतात, म्हणून ते खोड ठसे उमटवल्यासारखं दिसतं. हापुउचं खोड तंतूंनी भरलेलं आणि जाड असतं.

सिबोशियमच्या जातींत फरक करायचा तर सिबोशियम ग्लॉकमचे कोंब सोनेरी, रेशमी केसांनी झाकलेले असतात आणि पानाची पाठ मेणासारखी फिकट, राखाडी-पांढरी दिसते. सिबोशियम मेन्झिसीच्या देठावर तांबूस ते काळसर राठ केस असतात आणि पानाची पाठ हिरवी असते. ग्लॉकमच्या सोनेरी केसांना तिथं पुलु म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे पुलु उशा आणि गाद्या भरायला कॅलिफोर्नियाला जहाजानं जायचं, आणि ते काढण्यासाठी अख्खी झाडं पाडली जायची. काही वर्षांत त्या गाद्यांतल्या केसांची भुकटी व्हायची. जंगलाच्या हिशेबात हा सौदा फार महाग पडला.

तिथल्या ओहिया झाडाचं बी पुष्कळदा हापुउच्या ओलसर खोडावरच रुजतं. हापुउ हटला की त्याच्या अंगावर वाढणारं जंगलही हटतं. कूपरी हापुउपेक्षा कितीतरी वेगानं वाढतो, बीजुकांच्या जोरावर लागवडीपासून दूरच्या दऱ्यांत पोचतो आणि खालच्या थराला सावलीत दाबून टाकतो. भाचीनं शेवटी तिथल्या माहितगारांना विचारून तो काढला.

आणखी एक. हवाईत अमाउ नावाचा बुटका, खोडाचा नेचा लाव्हावर उगवतो. त्याची कोवळी पानं लालभडक असतात. किलाउएआ ज्वालामुखीवरच्या हालेमाउमाउ विवराच्या नावात हाच अमाउ आहे. तो वृक्षनेच्यांच्या कुळातला नाही. त्याच्या पुंजांच्या रेघा मधल्या शिरेला समांतर असतात, गोल ठिपके नसतात.

न्यूझीलंडच्या क्रिकेट टीमच्या टोपीवरचं पान, ते झाड हेच का?

हो, तो सिल्व्हर फर्न. माओरी भाषेत पोंगा. पानाची पाठ पांढरी, चंदेरी असते, म्हणून हे नाव. जंगलात रात्री वाट दाखवायला माओरी लोक ही पानं पांढरी बाजू वर करून ठेवायचे. पण फसू नका, अगदी कोवळ्या रोपाच्या पानाची पाठ हिरवीच असते. लहान रोप उलटून बघितलं, पांढरं दिसलं नाही, म्हणून तो पोंगा नाही असं ठरत नाही.

न्यूझीलंडमध्ये, कर्माडेक बेटांसह, दहा वृक्षनेचे आहेत. सात सायथिएसीतले, तीन डिक्सोनिया. त्यातले ऑकलंडजवळच्या जंगलात हमखास भेटणारे चार-पाचच.

सगळ्यांत उंच मामाकू. देठ काळा, जाड, आणि पान पाच मीटरपर्यंत. वाळलेली पानं गळून पडतात आणि खोडावर षटकोनी वण राहतात. उंच काळं खोड आणि त्यावर षटकोनी नक्षी दिसली तर लांबूनही मामाकू म्हणायला हरकत नाही. लांबून नाव द्यायची मुभा मी एवढ्या एकाच ठिकाणी देते.

काटोटे म्हणजे सायथिया स्मिथी. त्याच्या शेंड्याखाली वाळक्या दांड्यांचा घागरा असतो. पानाची दलं झडून जातात, मधले दांडे तेवढे लटकत राहतात, वापरून झिजलेल्या खराट्यासारखे. ऑकलंड बेटांपर्यंत, म्हणजे दक्षिणेकडं ५० अक्षांशापर्यंत पोचलेला हाच एक वृक्षनेचा. त्याहून दक्षिणेला कुठलाच नाही.

डिक्सोनिया फायब्रोसालाही घागरा असतो, पण तो अख्ख्या वाळलेल्या पानांचा. खोड जाड, तपकिरी आणि दाबलं तर मऊ. डिक्सोनिया स्क्वारोसाचं पान हाताला खरखरीत लागतं, खोडावर जुन्या देठांच्या काळ्या खुंट्या राहतात आणि जमिनीतून धुमारे फुटून शेजारी नवी खोडं येतात, केळीच्या बेटासारखी. एकटं झाड आहे की गर्दी, हे म्हणूनच बघायचं. डिक्सोनियांच्या अंगावर केस, बाकीच्यांवर खवले. इथंही पहिली कसोटी तीच.

निकोबारमध्ये वृक्षनेचा आहे का? तो कसा ओळखू?

आहे, आणि तो आपल्या देशाचा बेटावरचा वृक्षनेचा असल्यामुळं मला त्याची विशेष ओढ आहे. सायथिया अल्बोसेटेशिया हा निकोबारच्या सदाहरित जंगलातला. मद्रास वनखात्यात काम केलेल्या बेडोम यांनी त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थच पांढऱ्या राठ केसांचा. ग्रेट निकोबारला दुसराही एक आहे, सायथिया निकोबारिका. दोन्ही सायथिएसीतले, त्यामुळं अंगावर खवले आणि पुंज कडेपासून आत.

तिथं कसोटी केस-खवल्यांची नाही, खवल्यांच्या बारीकसारीक रूपाची. खवल्याचा रंग, कड आणि टोक भिंगातून फोटोत आलं पाहिजे. वनस्पतीशास्त्रज्ञ रोला ट्रायन यांनी १९७० मध्ये या कुळाची मांडणी खवल्यांच्या अशाच बारकाव्यांवरून केली. स्फेरोप्टेरिसमध्ये खवला सगळा एकाच प्रकारच्या पेशींचा असतो. अल्सोफिलात खवल्याची कड वेगळी असते आणि टोकाला एक गडद राठ केस असतो. सायथियात कड वेगळी असते, पण टोकाचा तो केस नसतो. खवला मिलिमीटरभराचा, पण निर्णय त्याच्यावर.

ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बेच्या माजी सैनिकांच्या वस्तीत महाराष्ट्रातलीही कुटुंबं आहेत, म्हणून तिथून कोल्हापूरला फोटो येतात, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. ग्रेट निकोबार हे संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे आणि २०१३ पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. तिथून पान, रोप, काहीही तोडून आणू नका. फोटो पुरेसा आहे.

मॉरिशसमधल्या आमच्या मराठी नातेवाइकांनी फोटो पाठवलाय. तिथला मूळचा कुठला?

मॉरिशस आणि शेजारचं रेयुनियन इथं अल्सोफिला बोर्बोनिका मूळचा आहे. रेयुनियनमध्ये वृक्षनेच्यांना फांजां म्हणतात, आणि त्यांच्या तंतुमय खोडाच्या कुंड्या करण्याची जुनी सवय आहे. अडचण अशी, की तिथंही कूपरी पसरला आहे, आणि दोन्ही खवलेवाले. हवाईतली सोपी कसोटी इथं उपयोगाची नाही. खवल्याचा भिंगातून फोटो, खोडावरचे वण आणि पुंज, तिन्ही घेऊन तिथल्याच वनस्पती-अभ्यासकांना विचारा. मी इथं बसून एका फोटोवर "मूळचा" असा शिक्का मारणार नाही.

आणखी कुठल्या बेटांवर बघण्यासारखे आहेत?

अटलांटिकमधल्या सेंट हेलेनावर डिक्सोनिया आर्बोरेसेन्स आहे. डिक्सोनिया ही प्रजाती जिच्यावरून ठरली, ती ही जात. डायनाज पीकच्या धुक्यात तिची दाटी आहे, बाकी जगात कुठंच नाही. प्वेर्तो रिकोत सायथिया आर्बोरिया, जो दरड कोसळलेल्या उघड्या जमिनीवर पहिल्यांदा उगवणाऱ्यांत असतो. नॉरफोक बेटावरचा स्फेरोप्टेरिस एक्सेल्सा जगातल्या उंच वृक्षनेच्यांत मोजतात. तैवानचा स्फेरोप्टेरिस लेपिफेरा खोडावरच्या मोठ्या लंबगोल वणांवरून चटकन लक्षात राहतो.

हे सगळे बेटांवरच का सापडतात?

फक्त बेटांवर नाहीत, पण बेटांवर भरपूर आहेत, याची दोन कारणं. बीजुक धुळीइतकं हलकं असतं आणि वाऱ्यानं समुद्र ओलांडतं. बियांच्या झाडांना हे सहसा जमत नाही. शिवाय एका बीजुकापासूनही नवी वसाहत उभी राहू शकते. दुसरं कारण हवा. समुद्रामुळं थंडी-उन्हाळा टोकाचा होत नाही आणि डोंगरमाथ्यावर धुकं अडतं. बीजुकातून आधी नखाएवढी हृदयाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते, आणि तिच्यावर फलन व्हायला पाण्याचा थर लागतो. ओल नसेल तर पुढचं काहीच होत नाही.

एकदा बेटावर पोचल्यावर लाखो वर्षं वेगळा पडलेला वंश स्वतःचा चेहरा घडवतो. म्हणूनच एका बेटावरची जात पुष्कळदा शेजारच्या बेटावर नसते, आणि म्हणूनच बाहेरून आलेल्या एका जोमदार जातीनं इतकं नुकसान होतं.

झाड लहान आहे, खोड नाही, पुंजही नाहीत. आता?

मग जातीपर्यंत जाऊ नका. केस-खवले लहान रोपालाही असतात, त्यावरून कुळ सांगता येतं. तेवढंच लिहा आणि वाट बघा. अर्धवट पण खरं उत्तर पुढच्या माणसाच्या कामाला येतं. पूर्ण पण चुकीचं उत्तर त्याला भलतीकडं नेतं.

फोटो नेमके कसे काढू?

एक पूर्ण झाडाचा, माणूस शेजारी उभा करून, म्हणजे उंची कळते. एक खोडाचा, वण किंवा घागरा दिसेल असा. एक शेंड्याचा, वेटोळं आणि देठाचा बुडखा जवळून, नखाएवढ्या जागेने फोटो भरेल इतका. पानाच्या पाठीचे दोन: एकात अख्खं दल, दुसऱ्यात कडेजवळचे पुंज. देठावर काटे असतील तर तेही, कारण काही जातींत देठ काटेरी असतो आणि काहींत गुळगुळीत. बेटाचं नाव, अंदाजे उंची आणि ते जंगलात आहे की बागेत, हे लिहायला विसरू नका. बागेतलं झाड कुठूनही आणलेलं असू शकतं. फ्लॅश टाळा, पांढरी पाठ आणि चमकणारी पाठ यांतला फरक त्यानं जातो.

मोबाइलचं ॲप लगेच नाव देतं की!

देतं, पण ते छत्रीचा आकार बघून देतं, आणि छत्री सगळ्यांचीच सारखी असते. मीही हवाईच्या बाबतीत तसंच केलं होतं. ॲपला शेंड्याचा आणि पाठीचा फोटो दिला तर त्याचाही अंदाज सुधारतो. त्यानं दिलेलं नाव सुरुवात म्हणून घ्या आणि बुडख्याशी ताडून बघा.

एकाच झाडाला तीन-तीन नावं का दिसतात?

सायथिएसीच्या प्रजातींच्या सीमा शास्त्रज्ञांनी बऱ्याच वेळा बदलल्या आहेत. सायथिया कूपरी आणि स्फेरोप्टेरिस कूपरी एकच. पोंगाला कुणी सायथिया डिअलबाटा म्हणतं, कुणी अल्सोफिलात टाकतं. नावाचा दुसरा भाग बहुतेक तोच राहतो, तो धरून शोधा.

वय कसं ओळखायचं?

वर्तुळं मोजून नाही, कारण ती नसतातच. वण टिकणाऱ्या जातीत खोडावरचे पानांचे वण मोजतात आणि वर्षाला किती पानं येतात त्यानं भागतात. तोही अंदाजच.

आपल्या सह्याद्रीत आहेत का?

पश्चिम घाटात वृक्षनेचे आहेत, मुख्यतः कर्नाटक, केरळ, निलगिरीकडं. काळ्या चकचकीत देठाचा आणि पुंजांवर आवरण नसलेला अल्सोफिला जायगँटिया हा त्यातला ओळखायला सोपा. त्याचे पुंज उलट्या व्हीच्या आकारात मांडलेले असतात. अल्सोफिला स्पिन्युलोसाचा देठ काटेरी असतो.

दाजीपूरहून येणाऱ्या फोटोंमधले "वृक्षनेचे" मात्र बहुतेक वेळा मोठ्या पानाचे, बिनखोडाचे नेचे निघतात. अँजिओप्टेरिसचं पान माणसाहून लांब असू शकतं, त्यामुळं लोक फसतात. त्याच्या देठाच्या बुडख्याशी दोन जाड कानांसारखे भाग असतात आणि वर उंच जाणारं खोड नसतं. म्हणजे इथंही उत्तर बुडख्यातच मिळतं. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय रोप किंवा पान काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

कोल्हापुरात घरी लावला तर जगेल का?

जगवता येतो, पण कष्ट आहेत. आपला पावसाळा त्याला मानवतो. एप्रिल-मेची कोरडी, तापलेली हवा त्याची पानं करपवते. पूर्ण सावली, वाऱ्यापासून आडोसा आणि खोडावरही रोज पाणी. पाणी फक्त बुडात घालून भागत नाही, खोडाभोवतीच्या मुळ्याही ओल्या राहाव्या लागतात. गच्चीवर उन्हात ठेवायचा विचार असेल तर मी आधीच नको म्हणेन.

परदेशातून रोप किंवा बीजुकं आणली तर चालेल?

परवानगीशिवाय नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय सायथिया आणि तिच्या जवळच्या प्रजाती साइटीस, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. भारत या करारात १९७६ पासून आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं ते आपल्या वन्यजीव कायद्यातही आलं. बीजुकांची चिमूट पाकिटात टाकून आणणं अनेकांना निरुपद्रवी वाटतं. हवाईत आणि मॉरिशसमध्ये कूपरी अशाच बीजुकांनी पसरला.

ऑर्किड लावायला ट्री फर्नच्या खोडाचे तुकडे मिळतात. ते कुठल्या झाडाचे?

तुकड्यावरून जात सांगता येत नाही, कारण बुडखाही नाही आणि पानही नाही. उरतात नुसत्या मुळ्या. झाड तोडल्याशिवाय तो तुकडा मिळत नाही, आणि सायथिएसीतल्या बहुतेक जाती शेंडा गेला की मरतात. डिक्सोनिया अंटार्क्टिकासारख्या काही जातींचं वरचं खोड पुन्हा मुळं धरतं, पण विकायला येणारा तुकडा शेंडा कापून उरलेला असतो. ब्राझीलमध्ये कुंड्यांसाठी डिक्सोनिया सेलोवियाना इतका तोडला गेला की त्यावर बंदी आणावी लागली. ऑर्किडला हवेशीर, ओल धरणारा आधार हवा असतो, आणि नारळाचं सोडण ते काम चांगलं करतं. कोकणातून येणाऱ्या नारळांच्या सोलून टाकलेल्या सोडणांचे ढीग आपल्या बाजारात रोज पडून असतात. ते घ्या, दोन दिवस पाण्यात भिजवून तीन-चार वेळा धुवा आणि वापरा.